नाव ड्रमवर, भार स्टँडवर

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग घेतला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की ड्रमच्या कंपन्यांवर बोलणं हे दुकानदाराचं काम, समीक्षेचा त्यात काय संबंध? रास्त प्रश्न आहे. कुठला ड्रमसेट घ्यावा हे सांगायला मी उभा नाही. (ते शेवटी विचारालच, माहीत आहे मला.) ड्रमवादक एकमेकांत जो वाद पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत, अमुक कंपनीचा ड्रम दणकट, तमुक कंपनीचं हार्डवेअर टाकाऊ, तो वाद मला तपासायचा आहे. पुस्तकाची समीक्षा करतो तशी. त्यातली विधानं कशावर उभी आहेत, पुरावा काय देतात, कुठे गफलत होते. कारण या वादावर विसंबून माणसं कर्ज काढून वाद्यं घेतात.

वादातली ठरलेली वाक्यं तुम्हीही ऐकली असतील. लुडविगच्या आवाजाला तोड नाही. जपानी स्टँड म्हणजे रणगाडा. ग्रेच वाजतो देवासारखा, पण त्याचं हार्डवेअर नको रे बाबा. हल्ली सगळं चीनमध्ये बनतं, पूर्वीची मजा गेली. आणि सगळ्यात वजनदार वाक्य म्हणजे, मी तीस वर्षं वाजवतोय, काही झालेलं नाही.

आता पहिली गोष्ट अशी, की ड्रमसेटमध्ये मोडतं काय? ज्यांनी ड्रमसेट फक्त लांबून पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. एक असतो लाकडाचा किंवा धातूचा पोकळ गोल, त्याला शेल म्हणतात. आपल्याकडे तबल्याचं खोड म्हणतो तसं. त्यावर ताणलेलं पान, म्हणजे हेड. पान धरून ठेवणारं कडं, कडं खाली ओढणारे स्क्रूसारखे रॉड, आणि ते रॉड ज्यात पिळले जातात ते शेलवर बसवलेले लग. हा झाला ड्रम. याखेरीज उरतं ते सगळं हार्डवेअर. झांजांचे स्टँड, हाय-हॅटचा स्टँड, बास ड्रमचं पेडल, टॉम टांगायची नळी, बसायचं स्टूल.

शेल सहसा मोडत नाही. सहा-आठ थरांचं मेपल किंवा बर्च, त्याला कोणी टेम्पोतून फेकलं नाही तर माणसापेक्षा जास्त जगतं. पान फाटतं, पण पान फाटायचंच असतं. तबल्याची पुडी बदलली म्हणून कोणी तबला मोडला म्हणत नाही. मोडतं ते तिसरंच. विंग नटचे आटे जातात. झांजेखालचा नायलॉनचा सांधा झिजतो आणि झांज नागड्या लोखंडावर घासायला लागते. हाय-हॅटची वरची झांज पकडणारा क्लच हरवतो, नेमका कार्यक्रमाच्या दिवशी. पेडलची स्प्रिंग तुटते. स्टँडची नळी घसरत घसरत खाली येते. म्हणजे टिकाऊपणाचा सगळा प्रश्न या दोन-पाच इंचांच्या लोखंडी तुकड्यांचा आहे. आणि वादात नाव घेतलं जातं ते शेलवर चिकटवलेल्या बिल्ल्याचं. माझ्या मते इथेच पहिली गफलत होते. आवाजाची कीर्ती लोखंडाच्या खात्यावर जमा केली जाते, आणि कधी उलटही.

आता ही नावं मोठी कशी झाली ते बघू. लुडविगचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळंच आहे.

विल्यम लुडविग हा शिकागोतला वादक. त्या काळची बास ड्रमची पेडलं नव्या, जलद संगीताला पुरी पडेनात, म्हणून त्याने स्वतः एक पेडल बनवलं. आधी लाकडी, मग धातूचं. १९०९ मध्ये तो आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी त्यावर कंपनी काढली. लक्षात घ्या, जगातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध ड्रमचं नाव सुरू झालं ते हार्डवेअरपासून. ड्रमपासून नव्हे. पुढे १९३० च्या सुमारास कंपनी कॉन या मोठ्या कंपनीकडे गेली, आणि नावही गेलं. लुडविग बाहेर पडला, १९३७ मध्ये नवी कंपनी काढली, पण तिला स्वतःचं आडनाव देता येईना, ते विकलेलं! म्हणून डब्ल्यू एफ एल अशी आद्याक्षरं लावली. नाव परत विकत मिळालं ते १९५५ मध्ये. ब्रँड म्हणजे कारागिराची सही, असं मानणाऱ्यांनी या अठरा वर्षांचा विचार करावा. त्या काळात लुडविग नावाचा ड्रम लुडविग बनवत नव्हता, आणि लुडविग जो बनवत होता त्यावर लुडविग लिहिलेलं नव्हतं.

मग येतो १९६३. लंडनमध्ये आयव्हर आर्बिटर नावाच्या दुकानदाराकडे बीटल्सचा रिंगो स्टार नवा सेट घ्यायला गेला. तोवर तो ब्रिटिश प्रीमियर वाजवत असे. त्याला काळ्या ऑयस्टर रंगाचा लुडविग आवडला, आणि बास ड्रमच्या पुढच्या पानावर लुडविग हे नाव ठळक राहिलं. ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते नाव पाहिलं. त्यानंतर लुडविगला मागणी पुरवता पुरवेना. आता मला सांगा, त्या ७ कोटी ३० लाखांपैकी किती जणांनी त्या सेटचा टॉम कुठल्या नळीवर उभा आहे ते पाहिलं? तो टॉम बास ड्रमवरच्या एका पट्टीवर टांगलेला होता. कामचलाऊ व्यवस्था. पुढे जोरात वाजवणाऱ्यांनी तिला नावं ठेवली, ती सोय बदलली. पण बिल्ला तर मनात बसला होता.

आणि गंमत पुढे आहे. त्या पट्टीची, त्या काळातल्या पुष्कळ स्टँडची जन्मकथा लुडविगच्या कारखान्याबाहेर जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचं गाव आहे. तिथे वॉलबर्ग अँड ऑज नावाची एक कंपनी होती. या कंपनीने लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स अशा एकमेकांच्या स्पर्धकांना हार्डवेअर पुरवलं. हाय-हॅटचा स्टँड आज ज्या रूपात आपण ओळखतो, त्याच्या सुरुवातीच्या इतिहासात हीच मंडळी आहेत. म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांत दोन वादक कडाकडा भांडताहेत, माझ्या कंपनीचा स्टँड भारी की तुझ्या, आणि दोन्ही स्टँड एकाच गावातून आलेले! (हशा)

शेलचीही तीच कथा. ग्रेचचा जो आवाज जाझच्या लोकांना प्राणप्रिय, मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स, टोनी विल्यम्स या सगळ्यांचा, त्या ड्रमची शेलं इंडियाना राज्यातल्या जॅस्पर गावच्या लाकूड कारखान्यातून यायची. त्याच कारखान्याची शेलं इतर कंपन्याही घेत. पुढच्या काळात न्यू हॅम्पशरमधल्या केलर कारखान्याने अनेक कंपन्यांना शेलं दिली. मग ग्रेचचं ग्रेचपण कशात? कडा कशी घासली, आत कुठला रंग दिला, ओतीव जड कडी लावली, यांत. मला ते खोटं वाटत नाही. ग्रेचचा आवाज खरोखर ग्रेचचा आहे. पण तो कारागिरीच्या दोन-चार निर्णयांत आहे, ते निर्णय शब्दांत सांगता येतात. ते सांगण्याऐवजी नुसतं नाव घेतलं की समीक्षा थांबते आणि श्रद्धा सुरू होते. आपल्याकडे घराण्यांच्या बाबतीत आपण हेच करतो, पण तो आजचा विषय नाही.

बरं, आवाज आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी किती वेगळ्या, याचे दोन पुरावे मला फार आवडतात.

पहिला पुरावा ऐकायचा आहे. लुडविगचं स्पीड किंग नावाचं पेडल, १९३७ पासूनचं. त्याच्या दोन्ही खांबांच्या पोटात स्प्रिंगा लपवलेल्या, छऱ्यांवर फिरणारा दांडा, आणि पायपट्टी थेट धातूच्या दुव्याने जोडलेली. फार हुशार रचना. वेगवान. पण तेल घातलं नाही की कुरकुरायचं, वादक त्याला थट्टेने स्क्वीक किंग म्हणायचे. लेड झेपलिनचा जॉन बॉनम हेच वापरायचा. १९७० च्या तिसऱ्या अल्बममधलं सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू हे गाणं हेडफोन लावून ऐका. शांत जागी पेडलची कुरकूर स्वच्छ ऐकू येते. टाळाला गंज चढल्यासारखी. आज रॉक वाजवणारा कोणीही बॉनमला आदर्श मानतो, आणि तोच माणूस दुकानात गेला की पेडल कुरकुरतं म्हणून परत करतो. दोन्ही बरोबरच आहे! पण मग हे पेडल चांगलं की वाईट? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस दोनपैकी एक गोष्ट विसरतोय.

दुसरा पुरावा डोळ्यांनी बघायचा आहे. लुडविगचाच सुप्राफॉनिक हा स्नेअर ड्रम, साठच्या दशकापासूनचा. जगात सगळ्यात जास्त ध्वनिमुद्रणांत वाजलेला स्नेअर म्हणून त्याचं नाव घेतात. मोजून कोणी पाहिलेलं नाही, पण त्या दाव्याला हसणारा स्टुडिओतला माणूस मला भेटलेला नाही. सुरुवातीला तो पितळेवर क्रोम होता, लवकरच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर क्रोम झाला. आता मुलामा देणारा कुठलाही कारागीर सांगेल, ॲल्युमिनियमवर क्रोम धरून ठेवणं कठीण काम आहे. घाम, दमट हवा लागली की क्रोमखाली फोड येतात, खड्डे पडतात, पापुद्रे सुटतात. जुने सुप्राफॉनिक बघा, देवीचे वण असलेला चेहरा. आणि आवाज? तसाच. तसूभर फरक नाही. संग्राहक म्हणतो, माल निकृष्ट. स्टुडिओचा वादक म्हणतो, याहून चांगला स्नेअर नाही. ते एकाच वस्तूबद्दल बोलत असले तरी एक पृष्ठभागाबद्दल बोलतोय आणि दुसरा कंपनाबद्दल. तासभर भांडूनही ही साधी गोष्ट दोघांच्या लक्षात येत नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आता हार्डवेअरचं स्वतंत्र कौतुक ज्यांच्या वाट्याला यायला हवं होतं त्यांच्याकडे वळू.

रॉजर्स ही ओहायो राज्यातली कंपनी. यांचं स्विव्ह-ओ-मॅटिक हार्डवेअर साठच्या दशकात इतरांच्या कितीतरी पुढे होतं. टॉम हवा त्या कोनात वळवा, घट्ट करा, हलणार नाही. १९६६ मध्ये सीबीएसने कंपनी घेतली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मेमरीलॉक आणलं. कल्पना इतकी साधी की हसू येतं. नळीवर एक कडं आवळायचं, ते खालच्या खाचेत बसतं. सेट उलगडला, पुन्हा जोडला, की प्रत्येक नळी काल होती तेवढ्याच उंचीवर, त्याच दिशेला. आज जगातल्या बहुतेक प्रत्येक स्टँडवर ते कडं आहे. स्वस्तातल्या स्वस्त स्टँडवरसुद्धा. आणि रॉजर्स? ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत ती अमेरिकन कंपनी बंद पडली. नाव पुढे हिंडत राहिलं. टिकाऊ माल बनवणारी कंपनी टिकेलच असं नाही, याहून उघड उदाहरण नको. आणि वादात रॉजर्सचं नाव किती वेळा येतं? बिल्ला नसलेल्या शोधाला आपण कोणाच्याच नावे लिहीत नाही.

दुसरीकडे जपान. पर्ल कंपनीचा जन्म टोकियोत, १९४६ मध्ये. कात्सुमी यानागिसावा यांनी सुरू केलेली. आणि सुरुवातीला ते काय बनवत? नोटेशनची पानं ठेवायचे स्टँड. ड्रम नंतर, १९५० च्या आसपास. युद्धानंतरच्या टोकियोत लोखंडाच्या नळ्या वाकवून, घडी होणारे, उभे राहणारे, न डगमगणारे स्टँड बनवणारा माणूस. पुढे तीस वर्षांनी पर्लच्या हार्डवेअरचं जे नाव झालं त्याची मुळं मी तिथे शोधतो. साठच्या दशकात जपानी कारखाने दुसऱ्यांच्या नावांनी स्वस्त सेट पाठवत, अमेरिकन दुकानांत त्याची टर उडायची. नागोयाच्या होशिनो गाक्कीचे स्टार नावाचे ड्रम होते, इबानेज गिटारवाले तेच. १९७४ मध्ये त्यांनी टामा हे नाव घेतलं. आणि मग सत्तरच्या दशकात पारडं फिरलं.

का फिरलं? याचं उत्तर बहुतेक जण देतात, जपानी लोक मेहनती. हे उत्तर नव्हे, प्रशस्तिपत्र झालं. मला कारण दिसतं ते वाजवण्यात. १९५७ मध्ये रेमो बेली यांच्या वेदर किंग या प्लास्टिकच्या पानांनी वासराच्या कातड्याची जागा घ्यायला सुरुवात केली. कातडं पावसात ढिलं पडे, जोरात मारलं की जपून मारावं लागे. प्लास्टिक कशालाही जुमानेना. त्यात विजेवरची गिटार, मोठाले ॲम्प्लिफायर. वादकाला स्वतःचाच आवाज येईना, म्हणून तो जोरात मारायला लागला, झांजा मोठ्या झाल्या, संख्येने वाढल्या. आणि उभ्या कशावर होत्या? नृत्याच्या वाद्यवृंदासाठी बनवलेल्या, सपाट पायांच्या हलक्या स्टँडवर. ते स्टँड कोसळले यात त्यांचा काय दोष? जुन्या अमेरिकन कंपन्यांकडे जुने साचे होते, नवे मालक होते, ते साचे बदलण्याची घाई नव्हती. जपान्यांनी कोऱ्या कागदावर सुरुवात केली. प्रत्येक पायाला दोन-दोन पट्ट्या, जाड नळी, तिरपा बूम. बिली कॉबम, स्टुअर्ट कोपलंड यांच्यासारखे वादक टामावर गेले ते काही फुकट गेले नाहीत.

इथे एक छोटी उपकथा. कॅम्को नावाची अमेरिकन कंपनी होती, तिचं पेडल वादकांचं लाडकं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती बंद होताना तिचं नाव टामाच्या मालकांनी घेतलं आणि साचे व यंत्रं कॅलिफोर्नियाच्या ड्रम वर्कशॉपने घेतली, ज्यांना आपण डीडब्ल्यू म्हणतो. डीडब्ल्यू म्हणजे मुळात ड्रम शिकवण्याचा क्लास! त्या साच्यांतून त्यांचं ५००० हे पेडल निघालं, आणि टामानेही कॅम्को नावाने पेडल विकलं. पुढची चाळीस वर्षं वादक भांडताहेत, डीडब्ल्यूचं पेडल बरं की टामाचं. एका आजीची दोन नातवंडं आहेत ती.

आता या वादातल्या पुराव्यांकडे जरा कडक नजरेने बघू या.

मी तीस वर्षं वाजवतोय, काही झालं नाही. हे वाक्य खरं असतं, माणूस प्रामाणिक असतो. पण जे स्टँड मोडले ते भंगारात गेले, त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. १९६५ चे आज वाजणारे सगळे ड्रम उत्तमच असणार, वाईट होते ते कधीच गेले. पूर्वीचा माल दणकट होता या म्हणण्यात हे गणित लपलेलं असतं. शिवाय तो माणूस वाजवतो कुठे? चर्चमध्ये दर रविवारी, सेट जागेवरच उभा? की महिन्याला पंधरा कार्यक्रम, रात्री दोनला सुटे भाग पोत्यात? हे न विचारता तीस हा आकडा ऐकून माना डोलावणारे आपण सगळेच.

दुसरा पुरावा नामवंतांचा. अमुक इतकी वर्षं या कंपनीचं वाजवतो. अहो, त्याच्याबरोबर तंत्रज्ञ असतो, रोज नट तपासणारा, फेल्ट बदलणारा. कंपनी सुटे भाग घरपोच पाठवते. त्याला वस्तू किती टिकते हे कळायला वावच नाही. त्याच्या आवाजाबद्दलच्या मताला मी शंभर गुण देईन, टिकाऊपणाबद्दलच्या मताला शून्य.

तिसरा पुरावा देशाचा. यामाहाचा रेकॉर्डिंग कस्टम घ्या, बर्चचा, स्टीव्ह गॅडमुळे स्टुडिओत घराघरांत गेलेला. जपानी म्हणून लोक त्याला मान देतात. यामाहाचे ते ड्रम वर्षानुवर्षं ओसाकाची साकाए ही दुसरीच कंपनी बनवत होती. पुढे उत्पादन चीनमध्ये गेलं, आणि २०१६ मध्ये त्याच गॅडच्या सल्ल्याने नवा रेकॉर्डिंग कस्टम तिथूनच आला. जे लोक म्हणतात की चीनमधला आहे म्हणून तो आवाज नाही, त्यांना मी एकच विनंती करतो, डोळे मिटून ऐका आणि मग सांगा. यंत्राला पासपोर्ट नसतो. कारखान्याला किती पैसे देऊन किती बारकाईचं काम मागितलं, यावर माल ठरतो. त्याच देशातून टाकाऊ स्टँडही येतात, हेही खरं.

आणि एक मजा पाहा. रणगाड्यासारखे स्टँड चाळीस वर्षं वाहून वादकांच्या कमरा गेल्या. आता टामाच द क्लासिक नावाने सपाट पायांचे, हलके, जुन्या वळणाचे स्टँड विकतं. यामाहाने क्रॉसटाउन नावाने ॲल्युमिनियमचे हलके काढले. डीडब्ल्यूनेही सपाट पायांचे काढले. ज्या स्टँडला सत्तरच्या दशकात हसले तेच आज जास्त पैसे देऊन घ्यायचे. छोट्या क्लबात जाझ वाजवणाऱ्याला ते पुरतात, कायमच पुरत होते.

आपल्याकडे येतो आता, कारण आपण इथे बसलो आहोत. मुंबईच्या हॉटेलांतलं जाझ, मग हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद, यांत ड्रम आणला आणि वाढवला तो मुख्यतः गोव्याच्या आणि पारशी वादकांनी. कावस लॉर्ड, लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ ही नावं तुम्हाला माहीत असतील, नसतील तर त्यांनी वाजवलेली गाणी तरी पाठ आहेत. १९९१ च्या आधीच्या आयात-निर्बंधांच्या काळात परदेशी ब्रँडवर वाद घालणं हीच चैन होती. मिळेल तो सेट, मिळेल तो स्टँड, आणि एखाद्या लेथवाल्याकडून पाडून घेतलेले आटे. त्या परिस्थितीत टिकाऊ या शब्दाचा एक अर्थ आपोआप तयार झाला, तो अमेरिकन वादात सापडत नाही. दुरुस्त होतं का? भाग मिळतो का?

माझ्या मते हाच निकष लावायला हवा. ताणाचा रॉड घ्या. बहुतेक अमेरिकन आणि जपानी ड्रमना एकाच मापाच्या आट्यांचा रॉड चालतो, कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळतो. डीडब्ल्यूने ट्रू पिच नावाने बारीक आट्यांचे रॉड काढले. सूर बारकाईने लावता येतो, ट्यूनिंग टिकतं, गुणवत्ता म्हणाल तर वरचढ. पण म्हापशाला तियात्रच्या आधी दोन तास एक रॉड हरवला, तर काय करणार? जुन्या प्रीमियरच्या काही मापांवर आजची पानं नीट बसत नाहीत. ड्रम सुंदर, शेल शंभर वर्षं टिकेल, आणि पान नाही म्हणून तो कपाटावर बसून राहतो. त्याला टिकाऊ म्हणायचं का? मी नाही म्हणणार.

त्यात आपली हवा. समुद्राकाठचा जून ते सप्टेंबर. मुंबईतल्या, पणजीतल्या स्टँडवर क्रोमची परीक्षा जितकी कडक होते तितकी शिकागोत होत नाही. तिकडचे अभिप्राय वाचून इकडे माल घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. आणि सेट बहुतेक वेळा भाड्याचा. ज्याच्या मालकीचा तो वाजवत नाही, वाजवतो त्याचा नाही, उचलणारा तिसराच. नट कोण घट्ट करतो? जो सगळ्यात घाईत असतो तो, पान्याने, मरेस्तोवर. हाताने फिरवायच्या विंग नटला पाना लावला की आटे गेलेच. मग तो मोडका स्टँड मधे ठेवून चर्चा सुरू होते, की ही कंपनी बेकार आहे.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन.)

श्रोता: सर, मग ब्रँडला काहीच अर्थ नाही असं म्हणायचं का?

नाही, तसं म्हणता येणार नाही. मोठ्या नावाचा एक रोकडा फायदा आहे. वीस वर्षांनी त्याचा भाग मिळण्याची शक्यता जास्त, आणि विकायला काढलात तर गिऱ्हाईक मिळतं. हा अर्थ मी मान्य करतो. पण तो बाजाराचा गुण आहे, लोखंडाचा नाही. आणि एकाच नावाखाली पाच दर्जांचा माल असतो, हे तर तुम्ही पाहिलंच असेल. बिल्ला तोच, किमतीत दसपट फरक. नुसतं पर्ल आहे म्हणणं म्हणजे गाडी टाटाची आहे म्हणण्यासारखं. कुठली?

श्रोता: माझी मुलगी शिकतेय, दोन वर्षं झाली. जुना सेट मिळतोय. बघताना काय बघू? मला ड्रममधलं काही कळत नाही.

मावशी, तुम्हाला कळण्याची गरज नाही, हात लावता आला की पुरे. बिल्ला शेवटी बघा. प्रत्येक ड्रमचा एक-एक रॉड पूर्ण बाहेर काढा आणि परत बोटांनीच पिळून बघा. चावीशिवाय चार-पाच वेढे गेला तर आटे शाबूत. अडला, वाकडा गेला, तर त्या लगवर खूण करा. पान काढायला लावा, आणि शेलची कडा घरातल्या सपाट काचेवर पालथी ठेवून आतून मोबाइलचा दिवा लावा. जिथून उजेड बाहेर येईल तिथे कडा झिजलीय किंवा शेल वाकडं झालंय. थोडा उजेड चालेल, मोठी फट नको. मग स्टँड. उंच करून घट्ट करा आणि वरून दाबा. खाली आला तर जिथे नळी नळीत शिरते तिथलं प्लास्टिकचं बुश बघा. ते तडकलेलं असतं. बुश मिळणार असेल तर किंमत पाडून घ्या. मिळणार नसेल, किंवा त्या जागी मालकाने काळी टेप गुंडाळलेली असेल, तर ड्रम घ्या आणि तेवढा स्टँड त्यांच्याकडेच राहू द्या.